चित्रातली भूक आणि चित्राबाहेरचे सरकार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूरच्या देशांचे चित्र वृत्तपत्रांतून आपल्यापुढे कसे उभे केले जाते, या विषयावर मी बोलावे असे संयोजकांनी सुचवले. विषय मोठा आहे. मी इथिओपिया या एकाच देशापुरते बोलणार आहे, कारण त्याच्या बाबतीत मी स्वतः चुकलेलो आहे.

२३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीने उत्तर इथिओपियातील कोरेम येथील वृत्तान्त दाखवला. वार्ताहर होते मायकेल ब्युर्क, चित्रण केले होते केनियाच्या मोहम्मद अमीन यांनी. पहाटेच्या गारठ्यात माळावर पडलेली हजारो माणसे, कापडात गुंडाळलेली प्रेते आणि निवेदनात बायबलमधल्या दुष्काळाची उपमा. जग हलले. मी तेव्हा नुकताच अधिव्याख्याता झालो होतो. वृत्तपत्रांतली छायाचित्रे पाहून आम्ही महाविद्यालयात निधी जमवला. डबा फिरत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तिथे सरकार नाही का?” मी म्हणालो, “सरकार काय करणार? पाऊसच नाही.”

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला हे उत्तर शोभणारे नव्हते. अमर्त्य सेन यांचा ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ हा ग्रंथ १९८१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. १९७३ साली त्याच देशाच्या वोलो प्रांतात माणसे अन्नान्न करून मेली, तेव्हा देशातील एकूण धान्योत्पादन फारसे घटलेले नव्हते. इतकेच नव्हे, तर वोलोतून काही धान्य बाहेरही जात होते, असे सेन यांनी त्यात दाखवले आहे. माणसांच्या हाती विकत घेण्याची ऐपत उरली नव्हती. आपल्या भाषेचीही यात थोडी अडचण आहे. पाऊस पडला नाही तरी आपण ‘दुष्काळ’ म्हणतो, माणसे उपासमारीने मेली तरी ‘दुष्काळ’च म्हणतो. पहिल्याचा दोष आभाळाकडे जातो आणि तोच शब्द वापरून दुसऱ्याचाही आपण तिकडेच ढकलतो.

१९८४ मध्ये पाऊस हुकला होता, हे खरेच. परंतु मेंगिस्तू हायले मरियम यांचे लष्करी सरकार त्या वेळी तिग्रे आणि एरिट्रिया येथील बंडखोरांशी लढत होते. बाजारांवर विमानांतून बॉम्ब पडत होते, धान्याच्या व्यापाराची वाट अडवली जात होती. पुढे सुमारे ६ लाख लोकांना, अनेकांना बळजबरीने, नैर्ऋत्येकडे हलवण्यात आले. त्यावर जाहीर टीका करणाऱ्या फ्रेंच वैद्यकीय पथकाला १९८५च्या अखेरीस देश सोडावा लागला. कोरेमच्या चित्रात यातले काही मावले नाही. त्यात दिसली ती राजकारण नसलेली, इतिहास नसलेली, फक्त हात पसरणारी माणसे. त्याच डिसेंबरात इंग्लंडमध्ये मदतीसाठी निघालेल्या गाण्याच्या शीर्षकातच, या लोकांना नाताळ आहे हे ठाऊक तरी आहे का, असा प्रश्न होता. इथिओपियाच्या राजाने चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लालिबेलाची खडकात कोरलेली चर्चे त्या वेळच्या वोलो प्रांतातच होती! गाणे रचणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्या पैशाने जीवही वाचले. हे मी नाकारत नाही.

१९७२च्या दुष्काळात मी शाळकरी होतो. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया, मजुरीसाठी लागलेली रांग, सुकडी आणि शिधापत्रिकेवर मिळणारा तो लाल मिलो मला आठवतो. मे १९७३ मध्ये राज्यात ५० लाखांच्या आसपास माणसे अशा कामांवर होती. वोलोत माणसे मरत होती ते हेच वर्ष. इथे पाऊस नव्हता. पण काम मागणारे मोर्चे होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जात होते, आणि पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. एखाद्या परदेशी छायाचित्रकाराने त्या बाईचा खडी फोडतानाचा चेहरा तेवढा टिपला असता, तर ती ‘दुष्काळग्रस्त’ ठरली असती. आदल्या दिवशी ती तहसील कचेरीवर गेली होती, हे चित्रात आले नसते.

आता एक कडू गोष्ट. पाश्चात्त्य वृत्तसंस्थांना दोष देणे आपल्याला सोपे जाते. पण मेंगिस्तू यांची राजवट स्वतःला समाजवादी म्हणवत होती आणि आपल्यातले अनेकजण त्या लाल झेंड्याकडे पाहून गप्प राहिले. त्यांना राजकारण दिसले नाही, आपल्याला भूक दिसली नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच तिग्रेत पुन्हा युद्ध पेटले. या वेळी दूरध्वनी आणि इंटरनेट तोडण्यात आले, पत्रकारांना मज्जाव झाला. जून २०२१ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोक उपासमारीच्या टोकाच्या अवस्थेत असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी दिला. २ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रिटोरियात करार झाला, तोवर मृतांचे अंदाज लाखांत गेले होते. मराठी वृत्तपत्रांत त्याविषयी मी जे वाचले, ते एका वहीच्या पानावर मावेल. २०२२ मध्ये युक्रेनवर मात्र आपल्याकडे रोज नकाशे छापून येत होते. एका युद्धाचे नकाशे आले, दुसऱ्याचे छायाचित्रही आले नाही.

आपल्या साप्ताहिकात परदेशांविषयीचा मजकूर येतो, तोही बहुधा वृत्तसंस्थांच्या बातम्यांवरूनच बेतलेला असतो. यापुढे उपासमारीची बातमी छापताना तिथे धान्याचा भाव काय होता, मजुरी किती होती आणि रस्ते कोणी अडवले होते, एवढे तरी शोधावे, अशी सूचना मी संपादकांना केली आहे. ती त्यांना कितपत पटली, हे पुढच्या अंकांवरून आपल्याला कळेलच.