विद्यार्थ्याने पाहावे असे प्राग

लाइपझिगहून प्राग रेल्वेने साधारण चार तासांवर आहे. ड्रेस्डेनला गाडी बदलली की पुढचा रस्ता एल्बे नदीच्या काठाने, वालुकाश्माच्या उंच कड्यांखालून जातो. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत आज भारतीयांचा गट सर्वांत मोठा आहे. त्यात पुण्या-मुंबईची, नाशिक-नागपूरची मुलेही आहेत. शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की यांतली कितीतरी मुले पाठीवर पिशवी टाकून शेजारच्या देशाची राजधानी पाहायला निघतात. जर्मनीचा निवास-परवाना असला की या प्रवासाला वेगळा व्हिसा लागत नाही. इतर शेंगेन देशांत कोणत्याही 180 दिवसांच्या काळात 90 दिवसांपर्यंत राहता येते. मात्र पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ हवेत. चेक प्रजासत्ताकात युरो नाही, कोरुना चालतो, आणि तो रस्त्यावरच्या नोटा बदलणाऱ्या दुकानांपेक्षा बँकेच्या एटीएममधून काढणे शहाणपणाचे.

प्रागला पोचलेला पाहुणा चार्ल्स पुलावर जातो, जुन्या चौकातले 1410 सालचे खगोलीय घड्याळ पाहतो, टेकडीवरचा किल्ला चढतो. हे सारे पाहण्यासारखेच आहे. पण हाताशी दोनच दिवस असतील, तर विद्यार्थ्याने या शहरातली विद्यार्थ्यांची ठिकाणे आधी शोधावीत. या शहराच्या इतिहासाला विद्यार्थ्यांनी जितक्या वेळा वळण दिले, तितके फार थोड्या राजधान्यांच्या वाट्याला आले असेल.

सुरुवात कारोलिनुमपासून करावी. सम्राट चौथ्या चार्ल्सने 1348 साली प्रागमध्ये विद्यापीठ स्थापन केले. मध्य युरोपातले ते सर्वांत जुने. कारोलिनुम ही त्याची ऐतिहासिक वास्तू जुन्या शहरात आहे, आणि भिंतीतून बाहेर आलेली तिची कोरीव गॉथिक खिडकी रस्त्यावरूनही दिसते. पदवीदानाचे समारंभ आजही इथेच होतात. लाइपझिगच्या विद्यार्थ्याचे या वास्तूशी जवळचे नाते आहे. 1409 साली राजाने कुत्ना होरा येथे काढलेल्या फर्मानाने विद्यापीठाच्या कारभारात चेक गटाला तीन मते दिली आणि बाकी सर्वांना मिळून एक. रागावलेले जर्मन अध्यापक आणि विद्यार्थी प्राग सोडून निघाले, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी त्याच वर्षी लाइपझिगला नवे विद्यापीठ उभे केले. मागे राहिलेल्या प्राग विद्यापीठाचा कुलगुरू झाला यान हुस. धर्मसत्तेला प्रश्न विचारल्याबद्दल त्याला 1415 साली जिवंत जाळण्यात आले. जुन्या चौकात त्याचा भव्य पुतळा आहे. घड्याळापुढे जमलेली गर्दी त्याच्याकडे पाठ करून उभी असते, ही खेदाची गोष्ट आहे.

पुढची पाच शतके इथे ओलांडून जाण्यास हरकत नाही. विसावे शतक मात्र सावकाश पाहावे.

1939 च्या मार्चमध्ये नाझी सैन्य प्रागमध्ये शिरले. 28 ऑक्टोबर हा चेकोस्लोव्हाकियाचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. वैद्यकीय शाखेचा विद्यार्थी यान ओप्लेताल त्यात जखमी झाला आणि 11 नोव्हेंबरला मरण पावला. त्याच्या अंत्ययात्रेचेच निदर्शन झाले. उत्तरादाखल नाझींनी 17 नोव्हेंबरला चेक विद्यापीठे बंद केली, नऊ जणांना खटल्याविना ठार केले आणि सुमारे बाराशे विद्यार्थ्यांना झाक्सनहाउजेनच्या छळछावणीत धाडले. सत्ता विद्यार्थ्यांना किती भिते, याचा याहून उघड पुरावा क्वचितच मिळेल. 1941 साली लंडनमध्ये जमलेल्या विद्यार्थी प्रतिनिधींनी 17 नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन ठरवला. आपल्याकडच्या महाविद्यालयांत कितीतरी दिन साजरे होतात, पण हा फारसा कुणाच्या ध्यानात नसतो.

दुसरे ठिकाण वेन्सेस्लास चौकाच्या वरच्या टोकाला, राष्ट्रीय संग्रहालयासमोर आहे. तिथे फरसबंदीत बसवलेला ब्राँझचा क्रूस जमिनीतून उसळल्यासारखा दिसतो. ऑगस्ट 1968 मध्ये वॉर्सा कराराच्या सैन्याने रणगाड्यांखाली देशातला मोकळेपणा चिरडला. लोक हळूहळू गप्प बसू लागले, तेव्हा जानेवारी 1969 मध्ये यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने निषेध म्हणून इथे स्वतःला पेटवून घेतले. असे मरण कुणाच्याही वाट्याला येऊ नये. त्या वयाच्या मुलाला बोलण्याची दुसरी जागाच उरली नव्हती, हा त्या राजवटीवरचा आरोप आहे. विद्यापीठाच्या कला शाखेसमोरचा चौक आज त्याच्या नावाने ओळखला जातो.

तिसरे ठिकाण एका चौकात मावत नाही. ते पायी चालावे लागते. 17 नोव्हेंबर 1989 रोजी, ओप्लेतालच्या मृत्यूला पन्नास वर्षे झाली म्हणून विद्यार्थी आल्बेर्तोव्ह भागात जमले. तिथून मोर्चा विशेह्रादच्या टेकडीवर गेला, मग खाली उतरून नदीकाठाने शहराच्या मध्याकडे वळला. नारोद्नी रस्त्यावर पोलिसांनी दोन्ही बाजूंनी कोंडी केली आणि नि:शस्त्र मुलांवर लाठ्या चालवल्या. दुसऱ्याच दिवसापासून विद्यार्थी आणि नाट्यगृहांतले कलावंत संपावर गेले. थोड्याच दिवसांत वेन्सेस्लास चौकात लाखो लोक जमून हातातल्या किल्ल्यांचे जुडगे वाजवू लागले, 27 तारखेला देशभर दोन तासांचा सार्वत्रिक संप झाला, आणि 29 डिसेंबरला कालपर्यंत तुरुंगाच्या वाऱ्या करणारा नाटककार वात्स्लाव हावेल राष्ट्राध्यक्ष झाला. चाळीस वर्षांची एकपक्षीय सत्ता अवघ्या सहा आठवड्यांत गेली. नारोद्नी रस्त्यावरच्या एका कमानीखाली भिंतीवर ब्राँझचे वर उचललेले हात आहेत आणि खाली ती तारीख. स्मारक इतके लहान आहे की माहीत नसेल तर माणूस शेजारून निघून जातो.

17 नोव्हेंबर ही चेक प्रजासत्ताकात राष्ट्रीय सुट्टी असते. त्या संध्याकाळी या कमानीखाली मेणबत्त्यांची दाटी होते आणि नारोद्नी रस्ता माणसांनी भरून जातो. पुढे ज्यांना जर्मनीला शिकायला जाण्याची संधी मिळेल, त्यांनी प्रागची फेरी शक्यतो त्याच आठवड्यात ठेवावी, आल्बेर्तोव्हपासून नारोद्नीपर्यंत चालत जावे, आणि एक मेणबत्ती आपल्याही हाताने लावावी.