भटक्याचे भरले घर

(जांबे, ता. मुळशी येथे कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण कार्यकर्ते 'प्रवास' हा शब्द फार सहजपणे वापरतो. अमुकजी कुठे आहेत? प्रवासात आहेत. एवढे सांगितले की पुढचा प्रश्न कोणी विचारीत नाही. घरी मात्र तो विचारला जातो. माझी थोरली मुलगी चौथीत असताना मला म्हणाली होती, "बाबा, गडांच्या गोष्टी तुम्ही साऱ्या मुलांना सांगता, मला गडावर कधी नेणार?" मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. नेले नाही, एवढे पक्के आठवते. म्हणून आज गो. नी. दांडेकरांची आठवण सांगावीशी वाटली.

आपल्या जांब्याहून तळेगाव दाभाडे दूर नाही. महामार्ग ओलांडून वायव्येला गेले की आलेच. तेथे गोनीदांनी संसार मांडला. घरचे आणि स्नेहीजन त्यांना आप्पा म्हणत. जन्म ८ जुलै १९१६ चा, विदर्भातील परतवाड्याचा. वयाच्या तेराव्या वर्षी स्वातंत्र्यलढ्यासाठी त्यांनी घर सोडले. तेरावे वर्ष म्हणजे आपल्या समोर बसलेल्या या मुलांचे वय! आईवडिलांच्या जिवाला काय वाटले असेल, हे आज सांगणेही कठीण आहे. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदेची परिक्रमा, संघाचे काम, असे ते वणवण फिरले. या भटकंतीचे वर्णन 'स्मरणगाथा'त आहे. तिला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

असा माणूस बैरागीच व्हायचा. पण आप्पा गृहस्थ झाले. १९४७ नंतर पूर्णवेळ लेखन हेच त्यांनी आपले काम मानले. केवळ लेखणीवर संसार चालवणे त्या काळी काय होते, याची कल्पना ज्यांनी महिनाअखेर अनुभवली आहे त्यांनाच येईल. येथे त्यांच्या पत्नीचे स्मरण करणे मला अगत्याचे वाटते. भटक्याचे घर भरलेले राहते तेव्हा तो भार कोणीतरी घरी राहून उचललेला असतो. गौरवाच्या भाषणांत हे वाक्य बहुधा गाळले जाते.

आप्पांना माणसांचे वेड होते. गडावर गेले तरी त्यांचे डोळे केवळ तटबुरुजांवर खिळले नाहीत. गडाखालच्या घरात कोण राहतो, काय खातो, कोणती बोली बोलतो, हे त्यांनी पाहिले. तुंगच्या परिसरातला 'पवनाकाठचा धोंडी', राजमाचीचा 'माचीवरला बुधा', 'जैत रे जैत'मधील ठाकर ही माणसे त्या ओळखीतूनच आली. कोकणातली 'शितू' आणि 'पडघवली' त्यांचीच. आमचा मावळ-मुळशीचा शेतकरी मराठी कादंबरीत इतक्या आदराने क्वचितच बसलेला आहे. ज्यांच्या जमिनीवर आज हिंजवडीच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्यांच्या आजोबांची बोली कशी होती हे पाहायचे असेल, तर 'धोंडी' वाचावा.

आणि छंद तरी किती! अत्तरे, छायाचित्रे, निरनिराळे दगड. असा छांदिष्ट माणूस घरात असला म्हणजे मुलांना निराळी शाळा लागत नाही, असे मला वाटते. वडिलांचे भटकणे मुलांना परके वाटले नाही, कारण परत येताना ते सारा प्रवास घरी घेऊन येत असावेत. त्यांच्या कन्या वीणाताई देव मराठीच्या प्राध्यापिका झाल्या. जावई विजय देवही प्राध्यापक, आणि किल्ल्यांचे वेड त्यांनाही लागलेले! या दोघांनी आप्पांच्या हयातीतच त्यांच्या कादंबऱ्यांचे जाहीर अभिवाचन सुरू केले. पुढे नात मृणाल त्यात आली. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, घरातली माणसे घरातल्या माणसाचे शब्द मोठ्याने वाचतात आणि सभागृह स्तब्ध होऊन ऐकते! वीणाताईंनी वडिलांवर 'आशक मस्त फकीर' हे पुस्तक लिहिले. फकीर म्हणवणाऱ्या बापाची लेक एवढ्या जवळून लिहू शकली, यातच सारे आले.

आप्पा १ जून १९९८ रोजी गेले. विजयराव २०१९ साली गेले, वीणाताई २०२४ साली.

माझी मुलगी आता चाळिशीला आली आहे. गेल्या दिवाळीत तिला म्हटले, चल, तुंगावर जाऊ. ती हसली आणि म्हणाली, "बाबा, आता तुमच्या गुडघ्यांना विचारा." तरी आम्ही जाणार आहोत. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला येथील मंदिरापुढून निघायचे आहे. शेवटची वाट उभी आहे. ज्यांना चढवणार नाही त्यांनी माझ्याबरोबर पायथ्याला तुंगवाडीत थांबावे, तेथे आपण 'धोंडी'ची पहिली प्रकरणे वाचू. भाकरी घरूनच बांधून आणा. आणि कृपा करून, कोणीही एकट्याने येऊ नका.