'अशांत क्षेत्र' : एक शब्द, दोन कायदे
(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



गुजरातेत घर विकावयास काढलेल्या आपल्या बांधवांना 'अशांत धारा' ठाऊक आहे; नोकरीनिमित्त ईशान्य भारतात राहिलेल्यांना 'अशांत क्षेत्र' परिचयाचे आहे. शब्द एकच, परंतु त्यामागचे कायदे दोन. त्यांतील भेद आम्ही आपणांपुढे मांडू इच्छितो.

पहिल्याचा साचा परकीय अमदानीतला. 'छोडो भारत' चळवळ दडपण्यासाठी १५ ऑगस्ट १९४२ रोजी सशस्त्र दलांना विशेष अधिकार देणारा वटहुकूम निघाला. स्वतंत्र भारताच्या संसदेने १९५८ साली त्याच धर्तीवर आसाम व मणिपूरसाठी कायदा केला. एखादा प्रदेश 'अशांत' घोषित झाला की तेथे सैन्यास इशारा देऊन गोळी चालविता येते, वॉरंटाविना अटक करता येते. आणि केंद्राच्या संमतीवाचून सैनिकावर खटला भरता येत नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. मात्र घोषणा मर्यादित मुदतीची असावी व दर सहा महिन्यांनी तिचा फेरविचार व्हावा, असे बजावले. त्रिपुरातून तो २०१५ साली, मेघालयातून २०१८ साली उठला. म्हणजे हा शिक्का पुसलाही जातो.

गुजरातचा १९९१ चा कायदा निराळा. तेथे प्रश्न बंदुकीचा नसून खरेदीखताचा. दंगलीच्या भीतीने कोणी राहते घर मातीमोलाने विकू नये, म्हणून व्यवहारापूर्वी कलेक्टरची परवानगी आवश्यक करण्यात आली. विक्री राजीखुशीची आहे काय, किंमत वाजवी आहे काय, हे त्याने पाहावयाचे. हेतू रक्षणाचा खरा. परंतु शिक्का वर्षानुवर्षे राहिला की वस्त्यांमधील भिंती अधिकच पक्क्या होतात, ही टीकाही दुर्लक्षिण्याजोगी नाही.

दोन्हीकडे 'अशांत' हे विशेषण सरकारी हुकुमाने जमिनीस लागते. तेथील माणसांच्या स्वभावाचे ते वर्णन नव्हे. तथापि व्यवहारात ते माणसांनाच चिकटते. मग मुलीचे स्थळ पाहताना किंवा मुलाची बदली होताना आपणच कचरतो. मुलुखापासून दूर नांदणाऱ्या आपणांस तरी हे शोभू नये. कारण परक्या प्रांतात शेजाऱ्यांच्या विश्वासावरच आपले संसार उभे राहिले आहेत.

म्हणून हा शब्द कानी पडताच तीन प्रश्न विचारावेत : घोषणा कोणी केली, कोणत्या कायद्याखाली, आणि किती मुदतीची? उत्तरे मिळेपर्यंत कोणत्याही गावास नाव ठेवू नये, एवढीच आमची विनंती.