नदीत पॅडलबोर्ड: दोरी कमरेला हवी
३० ऑक्टोबर २०२१. वेल्समधल्या हॅवरफर्डवेस्ट इथे पॅडलबोर्डवरून निघालेले चार जण नदीवरच्या बंधाऱ्यापाशी झालेल्या अपघातात मरण पावले. माणसाला बोर्डाशी जोडणारी, कमरेला बांधायची आणि झटक्यात सुटणारी दोरी त्यांच्याकडे नव्हती, असं तपासात दिसलं.

समुद्रात दोरी घोट्याला चालते. वाहत्या नदीत मात्र बोर्ड फांदीत, खडकात अडकतो, दोरी ताणली जाते आणि पाण्याचा जोर माणसाला खाली दाबून धरतो. अशा वेळी हात घोट्यापर्यंत पोहोचतच नाही! म्हणून दोरीचा पट्टा कमरेलाच हवा. तो आधी जमिनीवर दोन्ही हातांनी सोडून बघा, अगदी डोळे मिटूनसुद्धा.

तरंगत ठेवणारं जॅकेटही फोमचं घ्या. खांद्यापाशी वर ओढल्यावर हनुवटीपर्यंत सरकलं, तर ते सैल आहे. हवेनं फुगणारं जॅकेट खडकाळ नदीत नकोच. ते फाटू शकतं.