व्यायाम शिकविणाऱ्याची परीक्षा

(शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाविषयी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही मोठ्या गावाच्या शिवेवर पहाटे पाचच्या सुमारास गेले असता एक दृश्य हमखास दृष्टीस पडते. डांबरी रस्त्याच्या कडेने तरुण मुले आणि मुली धावत असतात. पोलीस शिपाई पदाच्या भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक हे तिचे भाग होत. मुलांचा गोळा ७.२६० किलोग्रॅमचा, मुलींचा ४ किलोग्रॅमचा असतो. धानाच्या थोड्या शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने हे ५० गुण म्हणजे घराचे भवितव्य होय.

या तरुणांचे कष्ट वादातीत आहेत. प्रश्न आहे तो त्यांना मार्गदर्शन करणाऱ्याचा. आज तो गावच्या शाळेतील क्रीडाशिक्षक असेल, उद्या तो बी.पी.एड. अथवा एम.पी.एड. पूर्ण करून आलेला गावचाच पदवीधर असेल. त्याच्या शब्दावर विसंबून मुले आपले शरीर पणाला लावतात. म्हणून त्याला कसे शिकविले जाते आणि तो तयार झाला हे कोण व कशावरून ठरविते, हा विषय केवळ विद्यापीठाचा राहत नाही. तो शाळेचा आणि ग्रामपंचायतीचाही आहे.

परंपरा आणि पदवी

विदर्भाला या विद्येची मोठी परंपरा लाभली आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची व व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. देशात इतरत्रही याच काळात व्यायामशिक्षकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाचा पाया घातला गेला. मद्रासला १९२० साली हॅरी क्रो बक यांनी वाय.एम.सी.ए.चे महाविद्यालय सुरू केले, मुंबई सरकारने १९३८ साली कांदिवलीला प्रशिक्षण संस्था काढली आणि १९५७ साली ग्वाल्हेरचे राष्ट्रीय महाविद्यालय उभे राहिले. पूर्वी एका वर्षाचा असलेला बी.पी.एड. अभ्यासक्रम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांनी दोन वर्षांचा झाला.

आखाड्यात पदवी नव्हती, परंतु परीक्षा रोजची होती. उस्ताद समोरच्या पोराची छाती, चाल आणि श्वास पाहून जोर-बैठकांची संख्या ठरवीत असे. आज वाढव, उद्या थांब, हे तो नजरेने सांगे. त्याच्याजवळ राहून शिकणारा शिष्य हीच नजर उचलीत असे. महाविद्यालयात विद्यार्थ्यांची संख्या वाढली, विषय वाढले, आणि प्रत्येकाजवळ बसून नजर देणे अशक्य झाले. त्या नजरेची जागा परीक्षेने घ्यावयाची होती. ती तिने कितपत घेतली, हाच आजचा विचारणीय मुद्दा आहे.

वजनाचे शास्त्र

इंग्रजीत ज्याला ‘स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग’ म्हणतात, त्याला मराठीत बलसंवर्धन व शरीरसिद्धता असे म्हणता येईल. या शास्त्राच्या आधुनिक रूपाचा एक उगम रुग्णालयात आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस थॉमस डीलॉर्म या अमेरिकी सैन्यातील डॉक्टरांनी जखमी सैनिकांचे दुबळे झालेले पाय वजनांच्या साह्याने सुधारण्याचा उपक्रम केला. दहा वेळा उचलता येईल एवढे कमाल वजन प्रथम मोजावयाचे आणि त्यावरून व्यायामाची मात्रा ठरवावयाची, अशी त्यांची पद्धत होती. १९४५ साली त्यांनी सांगितलेल्या आवर्तनांची संख्या बरीच मोठी होती. अनुभवान्ती १९४८ साली त्यांनी ती तिनावर आणली. मोजणे, लिहून ठेवणे आणि नोंद पाहून स्वतःचे मत बदलणे ही या विद्येची खरी शिकवण होय.

पुढे अमेरिकेत १९७८ साली या क्षेत्रातील प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९८५ पासून तिची प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. बलवान खेळाडू हा आपोआप चांगला प्रशिक्षक होतो, ही समजूत त्यामुळे मागे पडली.

या शास्त्राची मुख्य तत्त्वे थोडकीच आहेत. भार हळूहळू वाढवावा. ज्या कामासाठी तयारी आहे त्याच्याशी व्यायाम मिळताजुळता असावा. विश्रांती हा व्यायामाचाच भाग मानावा. सराव सुटला की कमावलेले बल ओसरते हे विसरू नये. तत्त्वे पाठ करण्यास एक संध्याकाळ पुरते. समोरच्या माणसाला ती लागू करणे, यातच प्रशिक्षणाची दोन वर्षे लागावयास हवीत.

बांधीतला भार आणि उन्हाची धग

या दृष्टीने भंडाऱ्याचेच उदाहरण घेता येईल. जुलै महिन्यात रोवणी चालू असते. दिवसभर चिखलात कमरेत वाकून रोवणी करणारी मुलगी पहाटे ८०० मीटरचा सराव करते. पुस्तकातील तक्ता तिला त्याच आठवड्यात पायांचे अवजड व्यायाम सांगेल. परंतु बांधीत वाहिलेला भार हाही भारच आहे. पाठीच्या आणि मांडीच्या स्नायूंना तो शेताचा की मैदानाचा हे कळत नाही. जो पदव्युत्तर विद्यार्थी तिला प्रथम ‘काल दिवसभर काय काम केले?’ असे विचारतो, तो अर्धी परीक्षा तेथेच उत्तीर्ण झाला असे समजावे.

दुसरी बाब भरतीच्या जाहिरातीची. जाहिरात निघाली की वर्षभर न धावलेली मुले एकदम रोज धावू लागतात. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, हाडे मात्र सावकाश बळकट होतात. नडगीचे दुखणे, आणि ते दुर्लक्षिल्यास हाडाला जाणारी बारीक तडा, हे या घाईचे फळ असते. उन्हाची सवय होण्यासही सुमारे दहा ते चौदा दिवस लागतात. विदर्भातील मे महिन्यात ही सवय नसता केलेला जोराचा सराव जिवावर बेतू शकतो.

तिसरी बाब अधिक गंभीर आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. या आजाराचा केवळ वाहक असलेला तरुण सामान्यतः निरोगी असतो आणि त्याने खेळू नये असे मुळीच नाही. तथापि उष्णता, पाण्याची कमतरता आणि एकदम केलेले अतिश्रम एकत्र आल्यास त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. अमेरिकी सैन्यातील नवशिक्यांचा १९८७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत धक्कादायक ठरला. प्रशिक्षणकाळातील अकल्पित मृत्यूंचे प्रमाण वाहक कृष्णवर्णीय जवानांत, वाहक नसलेल्या कृष्णवर्णीय जवानांच्या तुलनेत, सुमारे २८ पट आढळले. २०१६ साली सुमारे ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या अभ्यासात मात्र वाहकांतील मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले नाही. स्नायूंच्या इजेचा धोका तेवढा वाढलेला दिसला. मधल्या काळात सैन्याने पाणी, विश्रांती, उन्हाची सवय आणि क्रमशः वाढणारा सराव यांचे नियम सर्वांनाच लागू केले होते. रक्त तेच होते. प्रशिक्षणाची रीत बदलली होती.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी व्यक्तींची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. मैदानावरील मार्गदर्शकाने मुलांना या तपासणीकडे वळवावे, निष्कर्षाची गुप्तता पाळावी आणि कोणालाही त्यावरून मैदानाबाहेर काढू नये. ही गोष्ट अभ्यासक्रमाच्या टीपेत न राहता प्रात्यक्षिकात आली पाहिजे.

मूल्यमापन कशाचे?

आजवरच्या प्रात्यक्षिक परीक्षांत तीन गोष्टींना गुण देण्याची सवय सर्वत्र दिसते. विद्यार्थी स्वतः किती धावतो वा किती वजन उचलतो, ही पहिली. नोंदवही किती स्वच्छ आहे, ही दुसरी. परीक्षेच्या दिवशी रांगेत उभ्या केलेल्या मुलांसमोर त्याने आज्ञा कशा दिल्या, ही तिसरी. या गोष्टी निरुपयोगी नाहीत. परंतु तिन्ही साधूनही एखाद्याला दुखऱ्या गुडघ्याची मुलगी ओळखता येईलच, असे नाही.

वैद्यकीय शिक्षणापुढेही हाच पेच होता. स्कॉटलंडमधील डंडी येथे रोनाल्ड हार्डेन यांनी १९७५ साली त्यावर एक उपाय मांडला. विद्यार्थ्याने एकामागून एक ठाण्यांवर जावे, प्रत्येक ठाण्यावर एक ठरावीक काम करून दाखवावे आणि परीक्षकाने अगोदर ठरविलेल्या मुद्द्यांवर गुण द्यावेत, अशी ही पद्धत आहे. ती शारीरिक शिक्षणात सहज आणता येईल. पहिल्या ठाण्यावर अनोळखी तरुणाला पूर्वीची दुखापत, आजार, झोप आणि काम यांविषयी विचारणे. दुसऱ्यावर बैठक मारताना आत वळणारे गुडघे हेरून एका वाक्यात दुरुस्ती सांगणे. तिसऱ्यावर वेळ मोजणे. चौथ्यावर उन्हाने कोसळलेल्या धावपटूचा प्रसंग: सराव थांबविणे, सावलीत नेऊन भरपूर पाण्याने अंग थंड करू लागणे आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलावणे. या शेवटच्या ठाण्यावर जो चुकतो त्याला इतर गुणांच्या बळावर उत्तीर्ण करू नये.

वेळ मोजण्याचे काम वरवर क्षुल्लक वाटते. परंतु हाताने मोजलेली १०० मीटरची वेळ विद्युत यंत्राच्या वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंदाने कमी भरते, कारण बंदुकीचा आवाज आणि अंगठा यांत अंतर असते. ‘माझ्या सरावाने दोन दशांश सेकंदांची सुधारणा झाली’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्याला ती सुधारणा मुलाच्या पायांची की स्वतःच्या अंगठ्याची, हे सिद्ध करता आले पाहिजे. एकाच मुलाची वेळ दोघांनी घ्यावी, दोन दिवसांनी पुन्हा घ्यावी आणि फरक पाहावा. प्रामाणिक मोजमापाची सवय अशीच लागते.

तरीही एका दिवसाची परीक्षा पुरेशी नाही. प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे एका खऱ्या माणसाची बारा आठवड्यांची जबाबदारी सोपवावी: गावचा कबड्डीपटू, भरतीची उमेदवार मुलगी अथवा गुडघेदुखीने त्रस्त शिक्षक. आरंभीची मोजमापे, दर आठवड्याची नोंद, बेत कोठे व का बदलला याचे कारण आणि अखेरची मोजमापे त्याने सादर करावीत. परीक्षकाने त्या व्यक्तीशीही बोलावे. बेत जसाच्या तसा पार पडला अशी नोंदवही पाहून परीक्षकाने थोडे साशंक व्हावे. बारा आठवड्यांत पाऊस येतो, ताप येतो, रोवणी येते. बेत बदलण्याचे कारण ज्याला नीट सांगता येते, तोच शिकला.

गावाचा वाटा

या कामी गावालाही बरेच करता येण्यासारखे आहे. शाळेचे मैदान समतल करून त्यावर मोजलेली धावपट्टी आखली, तर मुले डांबरी रस्त्यावरून आणि वाहनांच्या वाटेतून दूर होतील. पिण्याच्या पाण्याची सोय, प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला फलक आणि सरावाची एक नोंदवही यांना मोठा खर्च येत नाही. सराव-पाठांसाठी येणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेने रिकामा तास भरून काढणारा पाहुणा न समजता एक गट सोपवावा आणि त्याच्याविषयी चार ओळींचा प्रामाणिक अभिप्राय महाविद्यालयास कळवावा. असा अभिप्राय परीक्षकाच्या एका दिवसाच्या निरीक्षणाहून अधिक सांगून जाईल.

गुणपत्रिका महाविद्यालयात तयार होते. तिचा पडताळा मात्र शिवेवरच्या रस्त्यावर येतो. भरतीत निवड सर्वांची होणार नाही. जागा मर्यादित आहेत आणि धावणारे अनेक आहेत. परंतु ज्यांची निवड झाली नाही ती मुलेही शाबूत गुडघ्यांनी आणि सुदृढ शरीराने घरी परतावीत, पुढील हंगामात बांधीत उतरावीत, पुन्हा धावावीत, एवढे त्यांच्या मार्गदर्शकाच्या हाती निश्चित आहे. त्याची परीक्षा घेताना हीच कसोटी लावणे इष्ट होय.