नैरोबी : सिंहाच्या शेजारचे शहर



केनियाच्या राजधानीस, नैरोबीस, जाण्याचा योग आला तर मध्यवस्तीतील जामिया मशीद व राष्ट्रीय संग्रहालय अवश्य पाहा. पण तेथेच थांबू नका. अवघ्या सात किलोमीटरांवर, १९४६ साली स्थापन झालेले राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे सिंह, जिराफ, काळे गेंडे मोकळे हिंडतात. याच उद्यानात १९८९ साली राष्ट्राध्यक्ष मोई यांनी १२ टन हस्तिदंत जाळले. ते विकून पैसा मिळाला असता. पण चोरट्या शिकारीचा बाजार मोडणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. उद्यानाची दक्षिण बाजू जनावरांच्या ये-जा करण्यासाठी खुली आहे. तीही वस्तीने बुजली, तर उद्यानाचा पिंजरा होईल. मुलांनो, शहर वाढवताना काय राखायचे, हे उद्या तुम्हालाच ठरवायचे आहे.