विद्यार्थ्यांचे दूरचित्रवाणी केंद्र : निर्मिती सुरळीत कशी चालते?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानाचा विषय निवडण्याची मोकळीक कार्यवाहांनी मला दिली, तेव्हा साहित्य किंवा इतिहास यांपैकी काहीतरी मी घेईन, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु आपल्या सभासदांच्या घरांतील कितीतरी मुलेमुली आज महाविद्यालयांत शिकत आहेत आणि त्यांपैकी काहीजण विद्यार्थ्यांनीच चालविलेल्या दूरचित्रवाणी केंद्रांत अहोरात्र गुंतलेली असतात. ‘आमचा मुलगा रात्री दोन वाजता घरी येतो, तेथे तो नेमके करतो तरी काय?’ असा प्रश्न पालक मला विचारतात. मी केंद्र सरकारचा अधिकारी. पदवी कला शाखेची, यंत्रविद्येची नव्हे. तथापि नोकरीच्या ओघात एका शिक्षणसंस्थेच्या स्टुडिओची व्यवस्था काही वर्षे माझ्याकडे होती. त्या काळात विद्यार्थ्यांच्या बऱ्याच निर्मिती मला जवळून पाहता आल्या. त्या पाहण्यातून जे उमगले, तेच आज आपल्यासमोर ठेवीत आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. विद्यार्थ्यांनी स्वतः चालविलेले दूरचित्रवाणी केंद्र ही कल्पना विलायतेत रुजली. ग्लासगो विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९६४ साली असे केंद्र सुरू केले. यॉर्क विद्यापीठाचे केंद्र १९६७ चे. दोन्ही ठिकाणी निर्मात्यापासून केबल गुंडाळणाऱ्यापर्यंत सारे विद्यार्थीच. आपल्याकडे दूरचित्रवाणी दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ रोजी आली. मात्र विद्यार्थ्यांच्या हाती स्टुडिओ आला तो मुख्यतः प्रशिक्षणाच्या मार्गाने. पुण्याच्या चित्रपट संस्थेत दिल्लीचा दूरचित्रवाणी प्रशिक्षण विभाग १९७४ साली हलविण्यात आला. ही संस्था प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या आवारात उभी आहे, हे आपणां मराठी माणसांना वेगळे सांगावयास नको. दिल्लीच्या जामिया मिलिया इस्लामियात १९८२ साली जनसंपर्क माध्यमांचे केंद्र निघाले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले आणि त्यांच्या निर्मितीसाठी पुण्यासह अनेक विद्यापीठांत स्टुडिओ उभे राहिले. त्या काळी एक कॅमेरा घ्यावयाचा तर फाइल वर्षभर फिरत असे. आज मुलाच्या खिशातील फोन चित्रीकरण करतो आणि इंटरनेटवरून प्रक्षेपणही होते. साहित्य स्वस्त झाले. परंतु दहा-पंधरा माणसांनी ठरल्या वेळी, ठरलेले काम, एकमेकांच्या पायात पाय न घालता करणे, हे १९६४ साली जेवढे अवघड होते, तेवढेच आजही आहे.

माझ्या पाहण्यात ज्या निर्मिती फसल्या, त्यांपैकी फारच थोड्या यंत्र बिघडल्यामुळे फसल्या. बहुतेक फसल्या त्या ‘हे काम कोणाचे?’ या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे. म्हणून सुरुवात कामाच्या वाटणीपासून केली पाहिजे.

निर्माता हा कार्यक्रमाचा यजमान. विषय, पाहुणे, परवानग्या, पैसा आणि वेळ यांची जबाबदारी त्याची. दिग्दर्शक पडद्यावर काय दिसेल ते ठरवितो आणि कार्यक्रम चालू असताना नियंत्रणकक्षात बसतो. त्याच्या शेजारी बसलेला व्हिजन मिक्सर कॅमेऱ्यांची चित्रे बदलतो. ध्वनी सांभाळणारा, प्रकाशयोजना पाहणारा, कॅमेऱ्यांवरील तिघे आणि खाली स्टुडिओत उभा असलेला फ्लोअर मॅनेजर, एवढी किमान मंडळी हवीत. यांपैकी फ्लोअर मॅनेजर हे पद विद्यार्थ्यांना सर्वांत दुय्यम वाटते, कारण त्याचे नाव कोणाच्या लक्षात राहत नाही. वस्तुतः कार्यक्रमाची सुरळीतता त्याच्यावरच अवलंबून असते. दिग्दर्शकाला स्टुडिओ दिसतो तो कॅमेऱ्यातून. फ्लोअर मॅनेजरला तो डोळ्यांनी दिसतो. आपल्या नाटकात विंगेत उभा राहून सारा प्रयोग सांभाळणारा जो माणूस असतो, त्याचाच हा भाऊबंद समजावा.

माणसे कमी असली की एकेकाकडे दोन कामे येतात, हे विद्यार्थ्यांच्या केंद्रात अटळ आहे. तरी एक पथ्य पाळावे : ज्याच्याकडे दिग्दर्शन आहे, त्याने स्वतः निवेदन करू नये. नियंत्रणकक्ष आणि स्टुडिओ या दोन ठिकाणी एका वेळी कोणी असू शकत नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. सरकारी माणूस कागदाचे महत्त्व सांगणारच, असे आपण म्हणाल! पण येथे कागद खरोखरच वेळ वाचवितो. प्रत्येक कार्यक्रमाला एक रनिंग ऑर्डर हवी : कोणता भाग कितव्या मिनिटाला, किती वेळाचा, कोणत्या कॅमेऱ्यावर, कोणती ध्वनिफीत वा चित्रफीत केव्हा. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात प्रत्येक भागापुढे दोन आकडे लिहावेत, त्या भागाची लांबी आणि तोपर्यंतचा एकूण वेळ. मग एखादा पाहुणा दोन मिनिटे जास्त बोलला, तर कोणता भाग गाळावयाचा हे आधीच ठरलेले असते. आयत्या वेळी वाद होत नाहीत. हाच कागद सर्वांच्या हाती एकसारखा असला पाहिजे. तो बदलला तर वरच्या कोपऱ्यात नवी वेळ टाकावी आणि जुन्या प्रती परत घ्याव्यात. दोन माणसांच्या हाती दोन वेगळ्या प्रती असणे हे कागदच नसण्यापेक्षा वाईट.

रनिंग ऑर्डर स्टुडिओसाठी, तर वेळापत्रक माणसांसाठी. याबाबतीत एक प्रसंग सांगतो. एका संस्थेतील विद्यार्थ्यांनी एका निवृत्त शिक्षकांना मुलाखतीसाठी बोलाविले. सर्वांना एकच वेळ कळविली होती, सकाळी दहाची. दिवे लावणे, कॅमेरे जुळविणे, ध्वनी तपासणे हे सारे गुरुजींच्या डोळ्यांदेखत चालले होते आणि ते गरम दिव्यांखाली खुर्चीत बसून होते. चित्रीकरण दोन वाजता सुरू झाले. गुरुजींनी तक्रार केली नाही; बोललेही छान. परंतु पुढील वर्षी पुन्हा बोलाविणे गेले, तेव्हा प्रकृती बरी नसल्याचा निरोप आला. काम करणाऱ्यांना दहाची, निवेदकाला साडेबाराची आणि पाहुण्यांना दीडची वेळ दिली असती, तर हे घडले नसते. पाहुण्याच्या जागी प्रकाश जुळविण्यासाठी एखादा विद्यार्थी बसवावा. पाहुण्याने येऊन चहा घ्यावा, स्थानापन्न व्हावे आणि पाच मिनिटांत बोलू लागावे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. नियंत्रणकक्ष आणि स्टुडिओ यांना जोडणारी जी बोलण्याची तार असते, तिला टॉकबॅक म्हणतात. कानावर हेडफोन लावलेल्या सर्वांना त्यावरील प्रत्येक शब्द ऐकू येतो. तेथे थट्टामस्करी सुरू झाली की कामाचा शब्द हरवतो. म्हणून नियम असा, की कार्यक्रम चालू असताना टॉकबॅकवर मुख्यतः दिग्दर्शकानेच बोलावे. इतरांनी विचारले तरच, थोडक्यात. दिग्दर्शकाची प्रत्येक आज्ञा दोन पायऱ्यांची असते. आधी ‘कॅमेरा दोन, तयार’. मग ‘दोन घ्या’. पहिल्या शब्दाने माणूस सावध होतो, दुसऱ्याने चित्र बदलते. सावध न करता एकदम आज्ञा दिली, तर कॅमेरा हलत असताना किंवा चित्र अस्पष्ट असताना ते पडद्यावर जाते. आपल्या दूरचित्रवाणीत एका सेकंदाला २५ चित्रे सरकतात. अर्ध्या सेकंदाची गफलतसुद्धा प्रेक्षकाच्या नजरेस येते.

फ्लोअर मॅनेजर उलटी मोजणी मोठ्याने करतो. मात्र शेवटचे आकडे केवळ बोटांनी दाखवितो, कारण तोवर ध्वनिक्षेपक उघडलेले असतात. वेळ उरला असेल तर दोन्ही हात रबर ताणल्यासारखे दूर नेणे, आवरते घ्यावयाचे असेल तर हात गोल फिरविणे, ही खुणांची भाषा पाहुण्यालाही आधी समजावून द्यावी. नाहीतर ते बिचारे बोलणे थांबवून ‘काय म्हणालात?’ असे विचारतात आणि तेही प्रक्षेपित होते.

तालमीचा कंटाळा करू नये. पहिली तालीम कॅमेऱ्यांशिवाय, नुसती रनिंग ऑर्डर वाचत, दुसरी कॅमेऱ्यांसह. मुलाखतीतील उत्तरांची तालीम मात्र घेऊ नये, ती शिळी होतात. सुरुवात, शेवट आणि एका भागातून दुसऱ्या भागात जाण्याच्या जागा एवढ्याच घोटून घ्याव्यात. अडखळण्याच्या जागा त्याच असतात.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण ते प्रत्येक केंद्राचे निराळे असते. जमिनीवरून जाणाऱ्या केबल चिकटपट्टीने बसवाव्यात आणि वाटेत येऊ देऊ नयेत. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टला सुमारे १३८० वॉट एवढाच भार घेता येतो. त्यावर एक हजार वॉटचा एक दिवा चालेल, दोन नाहीत. आता एलईडी दिव्यांनी भार पुष्कळ कमी केला आहे. तरीही दिवे लावण्यापूर्वी संस्थेच्या वीजतंत्र्याला विचारावे. विद्यार्थ्यांनी याबाबतीत धाडस करू नये. येथे पणाला लागतो तो जीव. बॅटऱ्यांचे दोन संच असावेत आणि भरलेली कोणती, उतरलेली कोणती हे ओळखण्याची खूण ठरलेली असावी. चित्रीकरणाच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी झाल्याखेरीज मूळ कार्ड पुसू नये. वापरलेली वस्तू त्याच रात्री, मोजून, जागेवर ठेवावी. ‘उद्या आवरू’ म्हणणाऱ्यांची केबल परवा सापडत नाही.

एवढे सारे जमले तरी विद्यार्थ्यांच्या केंद्राची एक अडचण उरतेच, आणि ती व्यावसायिक केंद्राला नसते. येथील सारी माणसे दोन-तीन वर्षांत निघून जातात. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षा येतात, जूनमध्ये जाणते हात गेलेले असतात आणि जुलैमध्ये दारात नवी मुले उभी असतात. एका महाविद्यालयात चार मुलांनी तीन वर्षे खपून उत्तम केंद्र उभारलेले मी पाहिले आहे. त्यांचा पदवीदान समारंभ झाला आणि केंद्र बंद पडले. वाहिनीचा परवलीचा शब्द एकाच्या खासगी पत्त्याशी जोडलेला. तो नोकरीनिमित्त परदेशी गेलेला. कोणती तार कोठे जाते हे एकालाच ठाऊक. कपाटाची दुसरी किल्ली कधी केलेलीच नव्हती. नव्या मुलांना उत्साह होता, पण त्यांना पहिल्यापासून सारे शोधावे लागले, आणि त्यांचे अख्खे वर्ष त्यातच गेले. चौघेही मुलगे हुशार होते. आपण गेल्यानंतरचा विचार मात्र त्यांच्या मनात कधी आला नाही.

याउलट, मी ज्या स्टुडिओची व्यवस्था पाहत होतो, तेथील एका विद्यार्थिनीने एक साधी दोनशे पानी वही ठेवली होती. प्रत्येक निर्मितीनंतर ती तीत चार ओळी लिहीत असे : काय ठरले होते, काय झाले, काय अडले, कशाने सुटले. दोष कोणाचा, हे त्या वहीत कधी लिहिले गेले नाही. त्यामुळे मुले खरे सांगत. तिच्या शेवटच्या वर्षी तिने आणखी एक रीत पाडली. जानेवारीपासून जाणत्यांनी खुर्ची सोडून मागे उभे राहावयाचे आणि धाकट्यांनी कार्यक्रम चालवावयाचा. पहिले दोन कार्यक्रम बेतास बात झाले. संस्थेतील वरिष्ठांनी नाराजी दाखविली. ती शांतपणे म्हणाली, की यांचे आज चुकू द्या. आज सांगावयास आम्ही आहोत, जुलैत नसू. तिच्या पाठीमागून चार तुकड्यांनी ती वही पुढे चालविली, हे मी स्वतः पाहिले आहे.

माझ्या मते निर्मितीच्या सुरळीतपणाची खरी कसोटी हीच आहे. आजचा कार्यक्रम निर्विघ्न पार पडला, हे चांगलेच झाले. परंतु आज काम करणारे गेल्यावर पुढच्यांना तो करता येईल काय, हे पाहिल्याखेरीज केंद्र चांगले चालले आहे असे म्हणता येणार नाही. विद्यार्थी मित्रांनो, आपल्या केंद्रात आजच तीन गोष्टी करा. परवलीचे शब्द आणि किल्ल्या संस्थेच्या नावे ठेवा, व्यक्तीच्या नव्हे. प्रत्येक कामाला एक जाणता आणि एक शिकाऊ अशी जोडी लावा. आणि वही सुरू करा.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी रात्री उशिरा घरी आली, तर ‘पडद्यावर तू दिसलास का?’ असे विचारू नका. ‘आज तुझ्याकडे कोणते काम होते?’ असे विचारा. ज्याने तासभर ध्वनिक्षेपकाचा दांडा हात न हलविता धरला, त्याने निवेदकाइतकेच काम केलेले असते. घरात त्याची कदर झाली, तर तो ते काम मनापासून करील.

परमुलखात पन्नास वर्षे आपल्या मंडळाने गणेशोत्सवातील नाटकाची तिसरी घंटा वेळेवर दिली. बदलीची नोकरी करणाऱ्यांच्या या वस्तीत दर तीन-चार वर्षांनी कार्यकर्ते बदलत गेले, तरी पडदा उघडत राहिला. कारण जाणाऱ्याने येणाऱ्याच्या हाती किल्ल्या आणि हिशेबाची वही दिली. आपल्या मुलांनी या मंडळात जे लहानपणापासून पाहिले, ते त्यांनी आपल्या स्टुडिओत न्यावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.